सात पावलांचं नाटक

सावेडी, अहिल्यानगर
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय ज्ञानेश्वरी,

आधी 'चिरंजीव' लिहिलं होतं, ते खोडून 'प्रिय' केलं आहे. शेहेचाळीस वर्षांच्या बहिणीला थोरल्या भावाने चिरंजीव म्हणायला शास्त्राची हरकत नाही, पण माझा आशीर्वाद घेण्याच्या मनःस्थितीत तू नसावीस असा तर्क केला. तर्कशास्त्रात मला पहिला वर्ग होता. तुला आठवत असेलच, कारण मी तो तुला विसरू दिला नाही.

मोबाईलवर तू मला ब्लॉक केलं आहेस. पोस्टमनला ब्लॉक करण्याची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हा जुना मार्ग. सोनईच्या शिवणवर्गाचा पत्ता शेजारच्या रजियाभाभींनी दिला. लगेच दिला असं समजू नकोस. 'मास्तर, उसने मना किया है,' असं तीनदा म्हणाल्या. चौथ्यांदाही मी दारातून हललो नाही, तेव्हा पाकिटाच्या मागे लिहून दिला आणि वर म्हणाल्या, 'चाय पिओ और जाओ.'

कामाचं विचारतो. पोस्टाच्या पार्टीसाठी तू खाकी टोप्या शिवल्या होत्यास, त्या कुठल्या ट्रंकेत आहेत? सहाही ट्रंका उपसून झाल्या. एकीत फेटे, एकीत पोलकी, एकीत तो १९३० सालचा म्हणून मिरवलेला आणि २०१६ साली तू शिवलेला कोट. प्रत्येक ट्रंकेवर तू चिठ्ठी चिकटवली आहेस हे कबूल, पण 'जु. मा. टो.' याचा अन्वय मला लागत नाही. कालिदासाचा लागतो, तुझा लागत नाही.

टोप्या अशासाठी की मी पुन्हा पार्टी करायची ठरवली आहे. विषय 'एसटी स्टँड, सन १९७८'. जुन्या बाजारात पत्र्याचा 'थुंकू नये' असा बोर्ड मिळाला, त्यावर कुणीतरी पूर्वीच थुंकलेलं आहे, त्यामुळे अस्सलपणाची शंका नको. कंडक्टरची तिकिटांची पेटी मिळाली, पंच मिळाला, घंटीची दोरी मिळाली. हॉलमध्ये कॅन्टीन, जिन्यात फलाट, आणि तुझ्या खोलीच्या खिडकीवर 'चौकशी'. तुझ्या खोलीला हात लावणार नाही. फक्त खिडकी.

दहा वर्षांत बावीस पार्ट्या केल्या आपण. मी निमंत्रणं लिहायची, तू कपडे शिवायचेस, आणि आपापल्या घरी टीव्हीपुढे बसणारी माणसं आपल्याकडे धोतर सावरत, नथ सांभाळत हसत बसायची. तू गेल्यावर एकही झाली नाही. बाविसावीबद्दल, म्हणजे डिसेंबर तेवीसच्या 'जुन्या लग्ना'बद्दल, या पत्रात काही लिहीत नाही. ते आपल्या दोघांत तसं ठरलेलंच आहे. म्हणजे मी ठरवलं आहे.

टोप्यांचं तेवढं कळव. एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

तुझा भाऊ,
बिभीषण


सावेडी
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

प्रिय ज्ञानेश्वरी,

टोप्यांचं उत्तर आलं नाही. 'जु. मा. टो.' या ट्रंकेत शेवटी माझीच जुनी माकडटोपी निघाली. ती एवढी जपून, डांबरगोळी घालून का ठेवली होतीस, हे मात्र समजलं नाही. खाकी टोप्या पोलक्यांच्या तळाशी होत्या.

काल पार्टी झाली. पितृपक्षात पार्टी कसली, असं समोरच्या जोश्यांनी विचारलं. मी म्हणालो, गेलेल्या काळाला जेवायला बोलावण्याचा हाच पंधरवडा. ते हसले आणि आले नाहीत. पूर्वी तीस-पस्तीस जण यायचे. काल सात आले, त्यातले दोन जण केटरिंगवाल्याबरोबर आलेले होते आणि राहिले. मी त्यांनाही टोप्या घातल्या.

थाट चांगला झाला. जाड काचेच्या पेल्यांत चहा, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर भजी, लाउडस्पीकरवर मी स्वतः खरखरत्या आवाजात घोषणा केल्या: 'नेवासामार्गे औरंगाबादकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे, प्रवाशांनी पाकिटं सांभाळावीत.' औरंगाबादचं नाव १९७८ चं ठेवलं. हल्ली गावांची नावं सांभाळण्यापेक्षा पाकीट सांभाळणं सोपं. कंडक्टरच्या कोटाची बाही मीच उसवून शिवली. ती हाताबरोबर वर जात नाही, कोट सगळाच वर जातो. तिकीट फाडताना पोट दिसत होतं. रजियाभाभी म्हणाल्या, 'मास्तर, ये कंडक्टर नहीं, ये तो पैलवान.'

इलेक्ट्रिकच्या दुकानवाला बजरंग आला होता. बायकोशिवाय आला. खांद्यावर पोतं, डोक्याला मुंडासं, हातात कोंबडी. कोंबडी खरी होती. लग्नाच्या पार्टीत त्याला नवरदेव केलं तेव्हाही तो असाच जीव ओतून आला होता. सव्वादोनशे पौंडांचा, दोन मुलांचा बाप असलेला नवरदेव, मुंडावळ्या लावून लाजत होता, आठवतं?

रात्री आठच्या सुमारास मी 'चौकशी'च्या खिडकीत बसलो होतो. नियम असा केला होता की प्रत्येकाने एकदा तरी खिडकीशी येऊन काही विचारायचं. गंमत म्हणून. कुणी विचारलं, जेऊर कधी येईल; कुणी, मुतारी कुठंय. बजरंग आला, पोतं खाली ठेवलं, आणि विचारलं, 'मास्तर, त्या दिवशी म्हातारी आलेली, तिला तुम्ही काय सांगितलं?'

लाउडस्पीकर चालू होता, त्यामुळे मला नीट ऐकू आलं नाही. मी म्हणालो, 'गाडी उशिराने धावत आहे.' तो हसला नाही. कोंबडी घेऊन गेला.

दहापर्यंत सगळे गेले. भजी उरली आहेत. दोन दिवस पुरतील.

बिभीषण


सावेडी
भाऊबीज, २३ ऑक्टोबर २०२५

प्रिय ज्ञानेश्वरी,

रजियाभाभींनी सकाळी ओवाळलं. त्यांना पद्धत ठाऊक नव्हती, त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघत ओवाळलं. मध्येच जाहिरात लागली, तेव्हा ताट हातात धरून आम्ही दोघं जाहिरात संपायची वाट बघत उभे राहिलो. मी त्यांना साडी दिली. तुझ्यासाठी घेतली होती ती नव्हे. ती तुझ्या खोलीत ठेवली आहे, गेल्या वर्षीच्या साडीवर.

मागच्या पत्रात एक चूक झाली आहे, ती दुरुस्त करतो. लाउडस्पीकर बंद होता. त्याची वायर मी पावणेआठलाच काढली होती, कारण समोरच्या जोश्यांचा फोन आला होता. बजरंगचा प्रश्न मला पूर्ण ऐकू आला.

आता सुरुवात केलीच आहे तर थोडं यथासांग लिहितो. तुला सगळं माहीत आहे असं तुला वाटतं, आणि तसं वाटू देण्यात मी दोन वर्षं घालवली.

त्या डिसेंबरात आपण 'सन १९६८, मुहूर्त गोरज' असं निमंत्रण काढलं. नवरी बजरंगची बायको होणार होती. तिला ताप आला. तू म्हणालीस, 'दादा, बिन-नवरीचं लग्न करू, तेही विनोदीच होईल.' मी म्हणालो, तूच बस पाटावर. तू म्हणालीस, 'माझं खरं लग्न दोन महिन्यांवर आलंय, वेड लागलंय का?' मी म्हणालो, मग रंगीत तालीम समज. बारा वर्षं वैधव्यात काढून तू पुन्हा लग्नाला उभी राहत होतीस. कोपरगावचे आसाराम, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रस तपासणारे विधुर, तुझ्याशी बोलताना चष्मा पुसत राहणारे. आणि मी तुला दुसऱ्याच्या शेजारी पाटावर बसवलं, फोटो चांगले यावेत म्हणून.

मंगलाष्टकांवर थांबायचं ठरलं होतं. मी थांबलो नाही. घमेल्यात होम पेटवला आणि सप्तपदी केली. सात पावलं, सात मंत्र, एक अनुस्वार इकडचा तिकडे नाही. लोक हसायचे थांबले होते, तुझ्या लक्षात आलं होतं का? मला तेव्हा वाटलं, माझ्या उच्चारांनी भारावले. आता वाटतं, ओशाळले होते.

बजरंगच्या बायकोने घरी आलेला व्हिडिओ तापातच स्टेटसला ठेवला. तो फिरत फिरत कोपरगावला पोचला. चौथ्या दिवशी आसारामांच्या मातोश्री लंकाबाई आपल्या दारात. लंकाबाईंनी बिभीषणाच्या घरी यावं, यात काही बरं होणार नाही हे ओळखायला तर्कशास्त्र लागत नव्हतं. आसाराम खाली गाडी लावत होते. तू आत चहा टाकत होतीस. हॉलमध्ये म्हातारी आणि मी.

ती म्हणाली, 'मास्तर, माझं काई म्हननं न्हाई. पोरीचा पयला मालक गेला, देवाची मर्जी. तिला पुन्यांदा संसार मिळावा म्हून मीच हा म्हनले. पर ह्यो दुसरा जित्ता हाय. विलेक्ट्रिकच्या दुकानात बसतूय.'

मी हसलो. ती हसली नाही. तिने विचारलं, 'मंतर खरं हुतं का नाटकातलं?'

तू चहा घेऊन बाहेर आलीस तेव्हा ती उठलेली होती. मी तुला सांगितलं, म्हातारी जुन्या वळणाची आहे, किती समजावलं, ऐकेना.

समजावलं वगैरे नव्हतं. मी काय उत्तर दिलं ते पुढच्या पत्रात लिहीन. आज सण आहे.

बिभीषण


सावेडी
रविवार, ७ डिसेंबर २०२५

ज्ञानेश्वरी,

मायन्यातला 'प्रिय' आज मीच काढला आहे. हे पत्र वाचून झाल्यावर तुला तो खोटा वाटू नये म्हणून.

मी म्हणालो, 'खरे होते. एकही चूक नाही. सातही पावलं पूर्ण झाली.'

एवढंच. म्हातारीने पदर सावरला आणि उठली.

माझी बाजू म्हणून नव्हे, पण घडलं कसं ते सांगतो. चाळीस वर्षं मला लोक हेच विचारत आले आहेत. बांधावरच्या शेतकऱ्याचं पोर संस्कृत म्हणतं म्हटल्यावर, खरं येतं का पाठ केलंय? पाठशाळेत विचारलं, मुलाखतीत विचारलं, शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना हसत हसत विचारलं. लंकाबाईंनी विचारलं तेव्हा माझी मान आपोआप ताठ झाली. प्रश्न तुझ्या लग्नाचा होता आणि मी माझ्या अनुस्वारांचं उत्तर दिलं.

हे निम्मं कारण. हे निम्मं मी स्वतःला दोन वर्षं सांगत होतो, कारण ते ऐकायला थोडंफार बरं वाटतं. विद्येचा अहंकार म्हटलं की निदान विद्या तरी शिल्लक राहते.

उरलेलं असं. संकल्प केल्याशिवाय कोणताही विधी विधी होत नाही. 'अमुक गोत्राचा मी, अमुक कारणासाठी, हे कर्म करतो' असं हातावर पाणी सोडून म्हणावं लागतं. ते म्हटलं नाही तर होम म्हणजे घमेल्यातली शेकोटी आणि सप्तपदी म्हणजे हॉलमध्ये मारलेली फेरी. त्या संध्याकाळी मी संकल्प मुद्दाम गाळला होता. नाटक आहे हे मला पक्कं माहीत होतं म्हणूनच गाळला. म्हातारीला हे एक वाक्य सांगितलं असतं तर ती चहा पिऊन, तुझ्या हाताची स्तुती करून गेली असती. वाक्य माझ्या ओठांवर होतं. तेवढ्यात आतून कपबशांचा आवाज आला, आणि मला वाटलं, आणखी दोन महिन्यांनी हा आवाज येणार नाही.

तू कोपरगावला गेल्यावर कपडे कोण शिवणार, असं मी तेव्हा दिवसातून चारदा म्हणायचो. मला कपड्यांचं काही नव्हतं, गं. संध्याकाळी समोर बसून कुणी जेवणार आहे की नाही, एवढं होतं. म्हणून गप्प राहिलो. मग तुझं लग्न मोडलं, आणि पंधराव्या दिवशी मी तेविसाव्या पार्टीचं निमंत्रण लिहायला घेतलं. तू त्यावर रागावून गेलीस. रागवायला तुझ्याकडे त्याहून मोठं कारण होतं, ते मी तुझ्यापासून लपवून ठेवलं होतं.

परवा शुक्रवारी मी कोपरगावला गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही, 'रस तपासणारे आसाराम' म्हटल्यावर उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानेच दारात सोडलं. लंकाबाई ओसरीवर गहू निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. संकल्प, घमेलं, कपबशा.

त्यांनी विचारलं, 'म्हंजी लगीन झालंच न्हाई?'

'नाही.'

'मंग त्या दिशी का न्हाई सांगितलं?'

मी म्हणालो, 'तुम्ही मंत्र खरे का, एवढंच विचारलंत.'

त्यांनी सूप खाली ठेवलं. 'मास्तर, मी आडानी बाई. मला इचारता नीट येत न्हाई. पर मी काय इचारत हुते ते तुमाला ठाव हुतं.'

ज्ञाने, माझ्या आयुष्यात अनेक विद्वानांनी माझा पूर्वपक्ष खोडून काढला. इतक्या कमी शब्दांत कुणीही नाही.

आसाराम आतून चहा घेऊन आले. स्वतः केलेला, साखर जरा जास्त. ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, 'माझंही चुकलं. मी खाली गाडी लावत होतो. वर येऊन त्यांनाच विचारायला पाहिजे होतं. ते सोडून आईमागं निघून आलो.' मग म्हणाले, 'त्या कुठं असतात हल्ली?' मी लंकाबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, 'माज्याकडं काय बगता? आदी बहिनीला सांगा. तिला म्हाईत हाय का ह्ये?'

मी नाही म्हणालो.

'मंग हितं कशाला आले पयलं?'

परत येताना राहुरीला उतरलो. स्टँडवर सोनईची गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून 'सोनई, सोनई' ओरडत होता. माझ्यापासून दहा पावलांवर. मी उसाचा रस घेतला, पेला हातात धरून उभा राहिलो, आणि गाडी निघून गेली. पुढची गाडी पाऊण तासाने होती. तीही गेली. तुझ्यासमोर उभं राहून हे सांगण्याचं धैर्य माझ्यात नाही, हे मला राहुरीच्या स्टँडवर दोन रस पिऊन कळलं. म्हणून हे पत्र.

सोनईचा पत्ता मी आसारामांना दिला आहे. तुला न विचारता दिला. माझ्या यादीत आणखी एक अपराध घालून ठेव. त्यांनी दार वाजवलं तर उघडायचं की नाही हे तुझं तू ठरव. मी त्यात कुठेही नाही. मला त्यात घेऊ नकोस.

इत्यलम्, असं लिहिणार होतो. पण पुरे झालं असं वाटत नाही, म्हणून नुसतंच थांबतो.

बिभीषण


सावेडी
रविवार, १५ फेब्रुवारी २०२६

प्रिय ज्ञानेश्वरी,

मायना पुन्हा लिहिण्याचं धाडस केलं आहे. आवडला नाही तर खोड.

सहा तारखेला आसारामांशी तुझं लग्न झालं. मला रजियाभाभींनी आदल्या दिवशी सांगितलं. मेंदी लावून बसल्या होत्या, त्यामुळे लपवता आलं नाही. मला बोलावलं नाहीस. शास्त्र काय सांगतं ते मी बघितलं नाही, पण बरोबर केलंस.

त्या दिवशी शाळा होती. आठवीच्या वर्गावर संधी शिकवत होतो. अकरा वाजता, म्हणजे नोंदणी कचेरीत तुमच्या सह्या होत असतील तेव्हा, मी फळ्याकडे तोंड करून जरा वेळ उभा राहिलो. पोरांना वाटलं, सर उदाहरण आठवतायत. एकीने मदत म्हणून दोन उदाहरणं सांगितली. दोन्ही बरोबर होती.

रजियाभाभी संध्याकाळी परतल्या, लाडवांचा डबा घेऊन. बाहेरूनच बोलायला सुरुवात केली, चपला काढेपर्यंत निम्मं लग्न सांगून झालं होतं. सह्या झाल्यावर घरी छोटासा विधी केलात म्हणे, आणि लंकाबाई भटजीच्या कानाशी बसून विचारत होत्या, 'संकलप केला का? पानी सोडलं का?' भटजी वैतागून म्हणाला, आजी, दोनदा सोडलं. त्या म्हणाल्या, 'आनि एकदा सोड, तुजं काय जातंय.' रजियाभाभी हे सांगताना एवढ्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी दोन माणसांचा हसण्याचा आवाज या हॉलमध्ये आला.

मग मी विचारलं, 'माझं पत्र मिळालं होतं का तिला?'

'मिला था. सगळं वाचलं म्हणाली.'

'काही म्हणाली?'

त्या डबा उघडायला लागल्या. झाकण घट्ट बसलेलं नव्हतं, तरी बराच वेळ उघडत राहिल्या. 'म्हणाली, मशीन पाठवा म्हणावं. शिलाई मशीन. कोपरगावला काम सुरू करायचंय.'

'आणखी?'

'और कुछ नहीं, मास्तर.'

तर मशीन पाठवतो आहे. काल दिवसभर बसून साफ केलं. तेल दिलं, चाकाचा पट्टा नवा घातला, बॉबिनच्या खालचा जुन्या धाग्यांचा गुंता चिमट्याने काढला. त्यात बावीस पार्ट्यांचे रंग होते. आधी कागदात बांधून ठेवावा म्हटलं, मग टाकून दिला. ट्रंकाही पाठवू का, असं विचारणार होतो. तू मशीन म्हणालीस, मशीनच येईल. माझी माकडटोपी तेवढी ठेवून घेतली आहे.

हे पत्र मशीनच्या खणात, कात्रीखाली ठेवतो.

तुझा भाऊ,
बिभीषण

ता. क. टेम्पो आला आहे. कानिफनाथ म्हणून ड्रायव्हर आहे, कोपरगावकडचाच. मशीन एकट्यानेच उचलून ठेवलं, गोधडीत गुंडाळलं, दोरीने आवळलं. वाटेत आदळणार नाही ना, असं मी तीनदा विचारलं. शेवटी तो म्हणाला, 'सर, इतका जीव हाय तर तुमी बी चला की. म्होरं शीट रिकामंच हाय.'

मी म्हणालो, 'नको. मशीनलाच बोलावलंय.'

तो दोन मिनिटं थांबला आहे, मी एवढं लिहून खणात घालेपर्यंत. इंजिन चालूच आहे.